थांबलेल्या मनीऑर्डरी

१४ जुलै २०२०, मंगळवार, लेस्टर

आज टीव्हीवर मदतीचं आवाहन लागलं. येमेन, सीरिया, सोमालिया, दक्षिण सुदान, काँगो, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातल्या रोहिंग्यांच्या छावण्या. ब्रिटनमधल्या मोठ्या मदतसंस्थांची एक सामाईक समिती आहे, डीईसी. तिने या सगळ्यांसाठी मिळून एकच झोळी फिरवली आहे. पहिल्या ५० लाख पौंडांवर सरकार तेवढीच भर घालणार म्हणे.

एरवी असं आवाहन कुठेतरी भूकंप झाला, पूर आला की लागतं आणि आपण सोफ्यावर बसून बघतो. या वेळी आपत्ती आमच्याही दारात आहे. बाकीच्या इंग्लंडात दुकानं उघडली, पब उघडले. लेस्टर तेवढं पुन्हा बंद. बेलग्रेव्ह रोडवरची साडीची आणि सोन्याची दुकानं कुलपात. आमच्या ओळखीत घरटी एक माणूस फर्लोवर आहे, म्हणजे काम बंद आणि पगाराचा काही भाग सरकारकडून. अशा गावात पैसे मागायचे, तेही इथल्या कोरोनासाठी नाही तर लांबच्या देशातल्या भुकेसाठी!

पण एप्रिलमधली ती बातमी माझ्या डोक्यातून जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचे प्रमुख डेव्हिड बीझली सुरक्षा परिषदेपुढे म्हणाले होते की तीव्र उपासमार सोसणाऱ्यांची संख्या १३.५ कोटींवरून वर्षअखेरीस २६.५ कोटींवर जाऊ शकते. साथीच्या आकड्यांत हा आकडा कुणी वाचलाच नाही.

१९ जुलै, रविवार

मंडळाची झूम बैठक. विषय गणपती. यंदा हॉल नाही, महाप्रसाद नाही, त्यामुळे पैसे शिल्लक. ते आवाहनाला द्यावेत, असं एकाने सुचवलं. खजिनदार काकांनी तिथल्या तिथे अडवलं. "वर्गणी गणपतीची घेतलीय. ती दुसरीकडे वळवता येणार नाही." चार जणांना ते कंजूषपणाचं वाटलं, मला मात्र पटलं. मंडळाची इथे धर्मादाय नोंदणी आहे, घटनेत लिहिलेल्या उद्देशांबाहेर पैसा खर्च करता येत नाही. शिवाय ज्याने मोदकांसाठी दहा पौंड दिले, त्याला न विचारता दानशूर करून टाकणं हेही काही खरं नाही.

मग तो प्रश्न आला, जो येणारच होता. "आपलीच माणसं मे महिन्यात मुंबई-पुण्याहून चालत, उपाशीपोटी गावी गेली. त्यांचं काय?" बिनतोड वाटतो हा प्रश्न. पण मेमध्ये आम्ही त्या माणसांच्या शिध्यासाठी पैसे गोळा केले होते, ती यादी माझ्याकडेच आहे. आज हा प्रश्न विचारणाऱ्यांची नावं त्या यादीत सापडत नाहीत. बैठकीत मी हे बोलले नाही. इथे लिहून ठेवते, तेवढंच समाधान.

तोडगा वहिनींनी काढला. या वर्षी माउलींच्या पादुकासुद्धा एसटीने पंढरपूरला गेल्या. "मग परतीची वारी आपण चालू या," त्या म्हणाल्या. आळंदी-पंढरपूर अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. प्रत्येक घराने आपापल्या गल्लीत, बागेत चालून गणेश चतुर्थीपर्यंत तेवढं अंतर पुरं करायचं. ओळखीच्यांनी मैलामागे काय द्यायचं ते बोलायचं आणि पैसे थेट डीईसीच्या पानावर भरायचे. मंडळाच्या खात्याला पैसा शिवणारच नाही, आणि देणारा इथे कर भरत असेल तर गिफ्ट एडमुळे प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून जास्तीचे. काकांचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

किराणा दुकानवाले एक सभासद म्हणाले, "पैसे कशाला? मी तांदळाची पोती देतो, पाठवा." मनापासून बोलत होते. पण पोती येमेनमधल्या होदेदाच्या बंदरात पोचवायची कोणी, कधी आणि किती भाड्याने? येमेन आपलं बहुतेक धान्य बाहेरून आणतो. तिथल्या बाजारात माल अगदीच नाही असं नाही, पण रियाल इतका घसरलाय की माल समोर दिसूनही घेता येत नाही. त्यांना हे समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी त्यांनी मैलामागे एक पौंड कबूल केला.

२६ जुलै, रविवार

चालताना शेजारचे सोमाली गृहस्थ भेटले. फाटकाच्या आत ते, बाहेर मी. लेस्टरमध्ये सोमाली वस्ती बरीच मोठी आहे. हे टॅक्सी चालवतात, म्हणजे मार्चपर्यंत चालवत होते. दर महिन्याला हवालाच्या दुकानातून सोमालीलँडमधल्या हर्गेसाला बहिणीकडे पैसे जायचे. बहिणीचं घर, तिच्या नणंदेचं घर आणि आणखी एक म्हातारी त्याच पैशांवर. मार्चपासून निम्मेच जातात, कधी तेही नाहीत. त्यात तिकडे यंदा टोळधाड आहे. "माझं कुटुंब त्या टीव्हीतल्या आवाहनात नाही," ते हसून म्हणाले, "पण माझी टॅक्सी आहे."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग गिरणी संपावर आला. १९८२ सालचा संप. सासरे परळच्या गिरणीत, बाकी घर रत्नागिरीकडे. जानेवारीत संप सुरू झाला आणि मनीऑर्डर थांबली. पोस्टमन वाडीत यायचाच बंद झाला, असं तो सांगतो. वाण्याच्या दुकानात तांदूळ होता, डाळ होती. आधी वाण्याने वही लांबवली, मग वही मिटली. गावात दुष्काळ नव्हता, पाऊसही बरा होता, तरी घरात पेज पातळ होत गेली. गिरण्यांत अडीच लाख कामगार, आणि कोकण-घाटावरची त्यांची घरं त्यांच्या पगारावर.

जागतिक बँकेने एप्रिलमध्ये अंदाज दिलाय की परदेशी राबणारी माणसं घरी पाठवतात तो पैसा यंदा पाचव्या हिश्श्याने घटेल. त्यात अशा किती वाण्यांच्या वह्या मिटतील, हे आता मला डोळ्यांसमोर दिसतं.

तेव्हापासून मी मागण्याची पद्धत बदलली. "मदत करा" म्हणत नाही. सरळ सांगते, कुणाच्या तरी थांबलेल्या मनीऑर्डरीत थोडी भर घाला. माणसं लवकर पैसे काढतात. विशेषतः कोकणातली.

१५ ऑगस्ट

आईला फोन. सांगोल्याकडचं तिचं बालपण, ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. "मग, आम्हालाबी अमेरिकेनं मिलो जवारी पाठविली होती की! तांबडी. भाकरी घशाखाली उतरायची न्हाई." मग सुकडीची चव कशी होती ते सांगत बसली. मी विचारलं, तेव्हा धान्याऐवजी पैसे मिळाले असते तर? "पैसं मिळायचंच की कामाचं. म्हणून तर जगलो. मिलो खाऊन कोण जगतंय?" आईला अर्थशास्त्र शिकवायच्या भानगडीत मी पडत नाही.

पाय दुखतात.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

जागतिक अन्न कार्यक्रमाला शांततेचं नोबेल. ग्रुपवर फुलांचा पाऊस. याच संस्थेला एप्रिलपासून उत्तर येमेनमधला शिधा निम्म्यावर आणावा लागलाय. दर महिन्याऐवजी महिन्याआड. देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला होता. पुरस्काराची रक्कम एक कोटी स्वीडिश क्रोनर. चांगलंच आहे, पण एवढ्याने शिधा पुरा होत नाही.

आमची रक्कम चार आकडी झाली होती आणि ती ऑगस्टअखेरच पोचली. पूर्व लंडनमध्ये सहा वर्षांच्या दोन मुलांनी येमेनसाठी लिंबूसरबताचा ठेला लावला आणि गेल्या महिन्यात अँजेलिना जोलीनेसुद्धा पैसे पाठवले. आमच्या वारीला काही कुणी नटी लाभली नाही.

२५ नोव्हेंबर, बुधवार

अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी आज संसदेत सांगितलं की परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून पुढच्या वर्षी ०.५ वर येणार. ०.७ चा २०१५ साली कायदा झालाय. दोन दशांश ऐकायला काहीच नाही, पण तो वर्षाला चारेक अब्ज पौंडांचा फरक आहे. जे सरकार जुलैमध्ये आमच्या पौंडाला पौंड जोडत होतं, तेच हे.

संध्याकाळी ग्रुपवर दोन तट. मंडळाने निषेध करावा की नाही? काकांनी पुन्हा नियम काढले आणि पुन्हा मला ते पटले: मंडळाच्या नावाने नको, ज्याने त्याने आपल्या नावाने आपल्या खासदाराला लिहावं. नमुन्याचा मसुदा माझ्या गळ्यात आलाय. "संप, मिलो वगैरे घालू नकोस," काकांनी वेगळा मेसेज टाकून बजावलं, "एका पानात बसव." मिलो वगळेन. संपाचं मात्र एक वाक्य ठेवणार आहे.