कणकुंबीची माती हंसलदीवीला पोचते का?

मलप्रभा नदी बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला उगवते आणि कृष्णेतून तिचं पाणी आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्राला मिळतं. त्यामुळे खानापूर, बेळगाव, हुक्केरीच्या जमीनवापराचा नकाशा करून तो थेट कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाशी जोडावासा वाटतो. तसं करू नका, वाटेत धरणं आहेत.

नकाशासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, त्यांतला एक ठिपका जमिनीवरचे १० मीटर दाखवतो. पावसाळ्यात घाटमाथा ढगाखाली असतो, म्हणून नोव्हेंबर आणि एप्रिल अशा दोन तारखा घ्या. नुसत्या नोव्हेंबरच्या चित्रात ऊस आणि जंगल एकमेकांत मिसळतात. एप्रिलपर्यंत बराच ऊस तुटलेला असतो किंवा खोडवा नुकता फुटत असतो, त्यामुळे फड ओळखू येतो. काजूच्या बागा मात्र दोन्ही वेळा जंगलासारख्याच दिसतात. याहून बारीक तपशिलाच्या चित्रात मोठं करून पाहिलं की झाडांच्या ओळी दिसतात, तेव्हा त्या हातानंच वेगळ्या काढाव्या लागतात. जांभ्याचा उघडा सडा (खडकाळ पठार) संगणक वर्गवारी करताना हमखास वस्तीत टाकतो. प्रत्येक प्रकारासाठी किमान ५० जागा तपासल्याशिवाय नकाशावर विसंबू नये.

पुढे धूप. पाऊस, मातीचा प्रकार, उतार, पिकाचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांच्या गुणाकारानं हेक्टरी वर्षाला किती टन माती सुटते याचा अंदाज येतो. इथली मोठी चूक म्हणजे भाताची बांधाची खाचरं उघड्या उताराच्या शेतासारखी धरणं. खाचर माती अडवतं. उलट घळी आणि कोसळणारे नदीकाठ या सूत्रात येतच नाहीत.

हिशेबासाठी पाणलोटाची हद्द धरणाशीच संपवावी. हुक्केरीकडच्या घटप्रभा नदीची माती हिडकल धरणात (५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट) अडते, मलप्रभेची नविलुतीर्थ धरणात. मार्कंडेय नदी मात्र हिडकलच्या खाली, गोकाकजवळ घटप्रभेला मिळते, म्हणून तिचा पाणलोट हिडकलमध्ये मोजू नका. त्याहून खाली कृष्णेवर घटप्रभेच्या वाटेत अलमट्टी, आणि दोघींच्याही वाटेत नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं. रेती या जलाशयांत बसते, बारीक गाळ थोडाफार पुराबरोबर पुढे जातो. म्हणजे वर धूप वाढली तरी खाली समुद्रकाठ गाळाविना उपाशीच राहतो, आणि वरची धरणं भरत जातात.

आमच्या मते इथला जमीनवापर त्रिभुज प्रदेशापर्यंत पोचतो तो पाण्यातून. उसाला हंगामात साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी १५ ते २५ हजार घनमीटर. त्यातला काही वाटा पावसाचा, आणि दिलेल्या पाण्यातलंही काही पाझरून नदीत परततं. म्हणून हिशेब दिलेल्या पाण्याचा न करता पिकातून वाफ होऊन हवेत गेलेल्या पाण्याचा करावा. असा उपसा साऱ्या खोऱ्यात होतो. २००१ ते २००४ च्या कोरड्या वर्षांत विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजच्या (बंधाऱ्याच्या) खाली समुद्राकडे जवळजवळ पाणी गेलंच नाही. गोडं पाणी घटलं की खारं पाणी मुखातून आत सरकतं.

त्रिभुज प्रदेशाचा किनारा किती सरकला हे पाहायला जुन्या-नव्या चित्रांची तुलना करताना दोन्ही चित्रं भरती-ओहोटीच्या सारख्या पातळीची हवीत, नाहीतर ओहोटीचा चिखल नवी जमीन म्हणून मोजला जातो. शिवाय यूटीएम या नकाशापद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात; बेळगाव ४३ व्या पट्ट्यात आणि कृष्णेच्या मुखाजवळचा दिवीसीमा भाग ४४ व्यात आहे, तेव्हा क्षेत्रफळ आपापल्या पट्ट्यातच काढावं.