३५ मिनिटांचा तास आणि ६० वह्या

जूनच्या मध्याला नाशिकमधल्या शाळा उघडतात आणि बी.एड. संपवून आलेले काही जण आयुष्यात पहिल्यांदा आठवी-नववीच्या वर्गापुढे इंग्रजीचं पुस्तक घेऊन उभे राहतात. कुणी पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून, शिक्षणसेवक म्हणून लागलेलं असतं, नववी-दहावीला १८,००० रुपये मानधनावर, तीन वर्षांसाठी. कुणी विनाअनुदानित संस्थेत याहून बऱ्याच कमी पैशांवर काम सुरू करतं. पाठ टाचण, म्हणजे तासाचं लेखी नियोजन, कसं लिहायचं, प्रस्तावना कशी करायची हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. दिवसाचा वेळ नेमका कुठे जातो, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. मराठी माध्यमात तृतीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी हा वेळेचा हिशेब मांडतो आहे, कारण माझ्या मते या नोकरीतलं निम्मं यश त्यावर ठरतं.

वेळापत्रकात तास ३५ मिनिटांचा असतो. आधीच्या वर्गातून निघून जिना चढेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, मुलं गणिताच्या वह्या आत टाकून इंग्रजीच्या काढेपर्यंत आणखी दोन, शेवटी गृहपाठ फळ्यावर लिहून तो उतरवून घ्यायला तीन. हातात उरतात सत्तावीसएक मिनिटं. वर्गात ६० मुलं. प्रत्येकाला उभं करून एकेक वाक्य बोलायला लावलं आणि १५ सेकंद धरले, तरी १५ मिनिटं तिथेच संपली, आणि त्या वेळात ५९ जण नुसते बसून राहिले. म्हणून बोलण्याचा सराव बाकावरच्या जोडीत घ्यायचा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, दोन मिनिटांनी उलट. तीस जोड्या एकदम बोलल्या की गोंगाट होतो. शेजारच्या वर्गावरच्या सरांना आधी सांगून ठेवावं आणि थांबायची खूण पहिल्या आठवड्यातच ठरवावी: हात वर केला की गप्प. ओरडून गप्प करायला गेलात तर दिवाळीपर्यंत घसा बसतो.

नव्या शिक्षकाचा तास सर्वात जास्त फसतो तो ओळीओळीच्या भाषांतरात. शिक्षक एक वाक्य वाचतात, त्याचा मराठी अर्थ सांगतात, मुलं शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने अर्थ लिहितात, पुढचं वाक्य. वर्ग शांत असतो, पान संपतं, मुख्याध्यापकही खूश. पण मूल इंग्रजी वाचत नसतं, मराठी अर्थाची वाट पाहत असतं. दहावीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याच्या प्रश्नाला सारांशासकट १५ गुण आहेत, आणि तिथे अर्थ सांगायला कुणी नसतं. शिवाय नाशिकच्या सिडकोतल्या कितीतरी घरांत कळवण-सटाण्याकडची अहिराणी बोलली जाते, सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत हिंदी. या मुलांना पुस्तकी मराठीही शिकूनच आलेली असते.

त्याऐवजी असं करून पाहा. उताऱ्यातले अडतील असे पाच-सहाच शब्द आधी फळ्यावर घ्या. दोन प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं उताऱ्यात सरळ सापडतात. मग एकदा मोठ्याने, सावकाश वाचा. मुलांनी उत्तराच्या ओळीवर बोट ठेवायचं. तुम्ही बाकांमधून फिरत फक्त बोटं पाहायची. कुणाचं बोट भलत्याच ओळीवर आहे हे दोन मिनिटांत कळतं, आणि तेवढ्याच ओळींचा अर्थ सांगावा लागतो. मराठी वापरायलाच नको असं माझं म्हणणं नाही. सूचना देताना, व्याकरण समजावताना ती बिनधास्त वापरा. आठवीच्या वर्गात पहिल्या दिवसापासून फक्त इंग्रजी बोलायचा हट्ट धरला तर मागचे बाक आठवडाभरात हातातून जातात.

फळ्याचीही शिस्त लागते. उजवीकडे फूटभर रुंदीचा पट्टा आखून त्यात नवे शब्द, आणि तो तास संपेपर्यंत पुसायचा नाही. मधला भाग उदाहरणांसाठी. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबक, इगतपुरीकडच्या पत्र्याच्या शाळांत पावसाचा आवाज एवढा असतो की शिक्षकाचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. अशा दिवसासाठी एक लेखी काम कायम तयार ठेवा. उलटसुलट क्रमातली दहा वाक्यं फळ्यावर लिहून त्यांची गोष्ट जुळवायला दिली की तास वाया जात नाही.

आता वह्या. दिवसाचा खरा भार इथे आहे. एका वहीला दोन मिनिटं धरली तर ६० वह्यांना दोन तास, तीन तुकड्यांना सहा तास. रिकामे तास दिवसाला दोन मिळाले तर ७० मिनिटं, आणि त्यातला एक हमखास गैरहजर शिक्षकाच्या बदली तासात जातो. मग वह्यांचे गठ्ठे घरी जातात, तीन दिवस तिथेच राहतात, मुलं गृहपाठ सुट्या कागदावर करतात आणि ते कागद हरवतात. महिनाभरात तपासणी म्हणजे नुसती सही आणि तारीख एवढंच उरतं.

यावर दोन उपाय आहेत आणि ते बरोबरच करावे लागतात. पहिला, वर्गाचे बाराबाराचे पाच गट पाडा. सोमवारी पहिला गट, मंगळवारी दुसरा, असं शुक्रवारपर्यंत. शनिवार गैरहजर राहिलेल्यांसाठी. तीन तुकड्यांच्या मिळून रोज ३६ वह्या. दुसरा उपाय म्हणजे एका पंधरवड्यात एकाच प्रकारची चूक तपासा आणि ती कोणती ते मुलांना आधी सांगा. एकच चूक शोधायची असली की वहीला मिनिटभरही लागत नाही, म्हणजे ३६ वह्या एका रिकाम्या तासात बसतात आणि त्याच दिवशी परत जातात.

समजा, बसची वेळ बदलण्याची विनंती करणारं पत्र दिलंय आणि एका मुलीने लिहिलंय: 'आय ॲम रिक्वेस्ट यू दॅट अवर बस इज कमिंग लेट एव्हरी डे अँड वी डिड नॉट रीच्ड स्कूल इन टाइम.' लाल पेन हातात असलं की अख्खं वाक्य पुन्हा लिहून काढायचा मोह होतो. तसं केलं तर तिच्या वहीत तुमचं एक सुंदर वाक्य उरेल आणि तिला फक्त लाल रंग दिसेल. पंधरवडा क्रियापदाच्या रूपाचा असेल तर फक्त 'ॲम रिक्वेस्ट' आणि 'डिड नॉट रीच्ड' यांच्याखाली रेघ ओढा आणि समासात 'व्ही' लिहा. दुरुस्ती तिने करायची, त्याच पानावर, खाली. 'इज कमिंग लेट एव्हरी डे' आज राहू द्या, रोजची गोष्ट कुठल्या काळात सांगायची ते पुढच्या पंधरवड्यात येईल. खुणा वर्षभर त्याच ठेवा: व्ही म्हणजे क्रियापदाचं रूप, टी म्हणजे काळ, एसपी म्हणजे स्पेलिंग, शब्द राहिला असेल तिथे काकपद (^). या खुणांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडूनच लिहून घ्या.

या चुका येतात कुठून हे कळलं की चिडचिड कमी होते. 'आय ॲम प्ले क्रिकेट' ही चूक पहिलीपासून घोकलेल्या 'आय ॲम अ स्टुडंट'मधून येते. मुलाच्या डोक्यात 'आय ॲम' हा एकच शब्द झालेला असतो. नियम सांगून तो सुटत नाही. 'आय प्ले, यू प्ले, ही प्लेज' असं रोज तीन मिनिटं, आठवडाभर, वेगवेगळी क्रियापदं घेऊन तोंडी म्हणून घ्यावं लागतं. 'डिड नॉट वेंट' येतं कारण भूतकाळ म्हणजे दुसरं रूप एवढंच पाठ असतं आणि 'डिड'नेच भूतकाळ दाखवलाय हे कुणी सांगितलेलं नसतं. 'ही इज डॉक्टर' येतं कारण मराठीत 'अ', 'ॲन', 'द' यांसारखं आर्टिकल नाही. हे तिन्ही एका तासात शिकवायला गेलात तर काहीच पक्कं होत नाही.

लेखनाचे विषय पुस्तकातल्या नमुन्याबाहेर काढा. दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षबागायतदारांच्या मुलांच्या तोंडी थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), क्रेट, कोल्ड स्टोरेज, एक्सपोर्ट हे शब्द आधीच असतात. अंबडच्या मुलांकडे शिफ्ट, ओव्हरटाइम, लेथ मशीन. स्पेलिंग फळ्यावर द्या, मूल लिहायला लागतं. तक्त्यावरून परिच्छेद लिहायच्या पाच गुणांच्या प्रश्नाला लासलगावच्या कांद्याच्या भावाचा तक्ता वापरा: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी, क्विंटलला. आकड्यांचा अर्थ शेतकऱ्याच्या मुलाला तुमच्याआधी कळतो, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष वाक्यरचनेवर राहतं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, थिनिंगच्या दिवसांत यातली काही मुलं घरच्या बागेत असतात आणि वर्ग रोडावतो. त्या आठवड्यांत नवा धडा सुरू करू नका, उजळणी आणि पत्रलेखन घ्या.

कवितेच्या रसग्रहणाचे पाच गुण गाइडमधून उतरवून मिळवायची सवय नववीतच लागते. साठपैकी चाळीस वह्यांत एकच परिच्छेद दिसला की समजायचं. रागावून उपयोग नाही. वर्गातच, गाइड बंद करून, कुठली ओळ आवडली आणि का, एवढी दोनच वाक्यं लिहून घ्या. मोडकीतोडकी येतील, ती स्वीकारा. पेपरातल्या शेवटच्या, भाषांतराच्या पाच गुणांसाठी रोज चार शब्द आणि एक वाक्य परिपाठानंतरच्या पहिल्या तासाला घेतलं तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

बाकीची कामं येतच राहतात. इंग्रजीचे शिक्षक म्हटलं की परिपाठातला इंग्रजी दिवस, संस्थेचा इंग्रजी पत्रव्यवहार, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची) माहिती भरणं हे आपसूक तुमच्याकडे येतं. नाही म्हणणं पहिल्या वर्षी अवघड आहे, पण कामाची तारीख विचारून लिहून घ्या आणि रोजचा एक रिकामा तास वह्यांसाठी राखून ठेवल्याचं पर्यवेक्षकांना आधीच सांगा. दैनिक टाचण शनिवारी पुढच्या आठवड्याचं लिहून टाकावं. चार ओळी पुरतात: कोणते शब्द, कोणते दोन प्रश्न, जोडीतलं काम, गृहपाठ. गाइडमधली उद्दिष्टं उतरवलेलं टाचण वर्गात उपयोगी पडत नाही.

एक काम मात्र जूनमध्येच करा. प्रत्येक मुलाला पाचवीच्या पातळीचा साठएक शब्दांचा उतारा मिनिटभर मोठ्याने वाचायला लावा, बाराबाराच्या त्याच गटांनी, मधल्या सुट्टीआधीच्या दहा-बारा मिनिटांत. आठवीतही काही मुलांना इंग्रजी अक्षरं ओळखता येतात पण शब्द वाचता येत नाही, आणि ती हे फार हुशारीने लपवतात: धडा पाठ करतात, शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहून वाचतात. त्यांची नावं वर्गात जाहीर करू नका. शाळा भरण्याआधी दहा मिनिटं बोलवा आणि एकाच घराण्यातले शब्द घ्या: कॅट, बॅट, रॅट, मग पेन, हेन, टेन. ते पक्के झाल्यावर केक, लेक, मेक, म्हणजे शेवटच्या न उच्चारल्या जाणाऱ्या 'ई'मुळे आधीचा स्वर कसा बदलतो ते कानाला कळतं. मग रेन, ट्रेन, ब्रेन. दिवसाला सहा शब्द, त्याहून जास्त नाही, आणि आदल्या दिवशीचे सहा आधी. वर्गात त्यांना बऱ्यापैकी वाचणाऱ्या मुलाच्या शेजारी बसवा. त्यांच्या वहीत पंधरवड्याची चूक शोधू नका. त्यांनी स्वतः वाचून लिहिलेले पाच शब्द पाहा, बरोबर असतील त्यांवर खूण करा आणि त्याच दिवशी वही हातात द्या.