यंदा सुरू होणार म्हणे

आमच्या डिचोली तालुक्यात दोन माणसं भेटली की बोलणं फिरून फिरून लोहखनिजाच्या खाणीवर येतं. ‘केन्ना सुरू जातली रे?’ म्हणजे कधी सुरू होणार, हे विचारणाऱ्यांत कित्येक वर्षं मीही होतो.

7 फेब्रुवारी 2018 ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली आणि 16 मार्चपासून सगळं थंड पडलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्ही फारसे घाबरलो नव्हतो. 2012 ची बंदी पाहिलेली होती. तेव्हा 2014 च्या एप्रिलमध्ये कोर्टाने परत परवानगी दिली, तशी आताही देईल, असा हिशेब. कंपनीने आधी घरी बसवून थोडा पगार दिला, मग हिशेब करून मोकळं केलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. गावात प्रत्येक घरात तीच गोष्ट आहे.

मी प्रयोगशाळेत होतो. मालात लोह किती, ते काढायचं. लाल भुकटी आम्लात विरघळवायची, पुढचे सोपस्कार करायचे आणि मग ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मापनळीतून, डायक्रोमेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. हिरवट पाण्याला एकदम जांभळी छटा येते, तिथे हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त गेला की आकडा बिघडला. 58 टक्क्यांच्या वर की खाली यावर निर्यात शुल्क ठरायचं, त्यामुळे काठावरचा नमुना असला की साहेब स्वतः टेबलापाशी येऊन उभे राहायचे. घरी बसल्यावर मला पगाराइतकीच त्या जांभळ्या छटेची आठवण यायची. हे बायकोला सांगितलं तर ती हसली.

नोकरी जाण्यापेक्षा वाईट काय असेल, तर ती परत येईल असं दरवर्षी कोणीतरी सांगत राहणं. जुनी गाडी विकायची? थांब, सुरू झाली तर लागेल. मडगावात एका ठिकाणी काम आहे, जायचं? आत्ता कुठे, पावसाळ्यानंतर सुरू होणार म्हणे. पणजीला आंदोलनाला गेलो, घोषणा दिल्या, परत आलो. माझ्या शेजाऱ्याचा टिपर दारात उभा राहून चाकांपर्यंत गवतात गेला, आणि तो रोज सकाळी उठून त्याची काच पुसायचा.

मामांचं सत्तरी तालुक्यात कुळागर, म्हणजे बागायत, आहे. एका मे महिन्यात भिरंडं, म्हणजे कोकमं, उतरवायला माणूस मिळेना म्हणून त्यांनी मला बोलावलं. पाऊस तोंडावर आलेला, झाडावर कोकमं लालेलाल आणि खाली पडून सडताहेत. तिथे माझ्या लक्षात आलं की बरीच झाडं नुसतीच उभी आहेत, एक फळ नाही.

‘‘मामा, ही कशाला ठेवलीत?’’

‘‘अरे, ते दादले. लावताना मुलगा की मुलगी कोण सांगणार? सात-आठ वर्षं खत-पाणी घालायचं आणि मग कळायचं.’’

बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. मादी झाडाची काडी घेऊन कलम केलं तर हा जुगारच संपतो. घरी येऊन वाचत बसलो, मग जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) केंद्रात जाऊन विचारलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली कोकण अमृता ही जात पावसाआधी बरीचशी फळं देते, हे तिथे समजलं. आमच्याकडे आगोठीच्या पावसात अर्धं पीक जातं, त्यामुळे ही गोष्ट सोन्यासारखी.

मग मी कलमं करून विकायला लागलो. हे काम मला जमलं याचं कारण ते ब्युरेटवालंच आहे. काडीला पाचरीसारखा काप, रोपाच्या कोवळ्या शेंड्याला मधोमध चीर, साल सालीला भिडली पाहिजे, पट्टी घट्ट पण चिरडणार नाही अशी, वर पॉलिथिनची टोपी. आणि एक गोष्ट पुष्कळ नर्सरीवाले सांगत नाहीत: काडी सरळ वर जाणाऱ्या फांदीचीच हवी. आडव्या फांदीची लावली तर कलम जगतं, पण जन्मभर जमिनीलगत आडवंच पसरतं. गिऱ्हाइकाला हे कळेपर्यंत तीन पावसाळे गेलेले असतात.

आगळही, म्हणजे कोकमाचा खारा रस, करतो, घरच्यापुरता आणि थोडा विकायला. त्यातलं मीठ टायट्रेशनने, त्याच थेंबाथेंबाच्या पद्धतीने, मोजायची फार हौस होती. पण त्या गडद लाल रंगात रंगबदल दिसणार कुठून! शेवटी आईची जीभ प्रमाण मानली.

पैसे कमी आहेत. बायकोचा पगार नसता तर हे सगळं इतक्या ऐटीत लिहिता आलं नसतं, हेही सांगून टाकतो. पण ‘केन्ना सुरू जातली’ हा प्रश्न माझ्या तोंडून कधी गेला ते मला कळलंही नाही.

2022 च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. त्यानंतर एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. माणसं घेताहेत, म्हणाला. आता सगळं मशीनवर, नमुना ठेवायचा आणि बटण दाबायचं. मी नको म्हटलं. त्याने फार आग्रह केला नाही. उलट विचारलं, परसात लावायला भिरंडीची दोन कलमं देशील का?

‘‘देतो की. पण आधी आजूबाजूला कोणाकडे दादला आहे का बघून ये.’’

तो अजून वाड्यावर चौकशी करतोय.