चाकं टेकली म्हणजे उतरलं असं नाही

विमान चालवायला शिकणाऱ्या माझ्या भाचीचं विमान मागच्या आठवड्यात उतरल्यावर धावपट्टी सोडून गवतात गेलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. हे आधी सांगतो, कारण शनिवार पेठेत भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो आणि लगेच "वाऱ्यानं ढकललं म्हणे" म्हणून मोकळा होतो. काहीजण "पोरीच्या जातीला कशाला..." एवढं बोलून थांबतात. दोन्हींचा मला मनापासून राग आला आहे.

मी दहावीला गणित शिकवतो. तिच्याशी बोललो तेव्हा वही घेऊनच बसलो. वारा 20 नॉटचा, धावपट्टीशी 40 अंशांचा कोन करून, डावीकडून. साइन 40 म्हणजे 0.64, म्हणजे आडवा वारा 13 नॉट, ताशी 24 किलोमीटर. झोत मात्र 28 नॉटचे होते, तेव्हा तोच आडवा वारा 18 वर जातो. तिचं विमान सेस्ना 172; त्याच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यासाठी 15 नॉट हा आकडा आहे. कंपनीच्या कसलेल्या वैमानिकाने चाचणीत उतरवून दाखवलं तो हा आकडा; एकट्याने उडणाऱ्या शिकाऊ मुलीसाठी तो नव्हे.

तिने येताना नाक वाऱ्याकडे वळवून ठेवलं होतं, टेकायच्या आधी रडरने (शेपटीवरच्या सुकाणूने) ते सरळ केलं, डावा पंख जरा खाली धरला. आधी डावं चाक टेकलं, मग उजवं, मग पुढचं. अगदी शिकवल्यासारखं. "मामा, चाकं लागली आणि मला हायसं वाटलं," ती म्हणाली, "हात आपोआप सैल पडले."

इथेच सगळं फिरलं. विमान टेकलं तरी पंखाखाली वारा असतोच. वेग उतरेल तसा एलेरॉनचा, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचा, जोर कमी होतो, म्हणून त्या फिरवणारं हातातलं चक्र वाऱ्याकडे आणखी आणखी वळवत न्यावं लागतं, पार शेवटापर्यंत. तिचे हात सैल पडले तसं ते मधोमध आलं. एका झोताने डावा पंख उचलला, शेपटीच्या उभ्या पात्याला वारा लागला आणि छपरावरच्या वातकुक्कुटासारखं नाक वाऱ्याकडे फिरलं. तिने उजवा रडर दाबला, पण उशिरा. पुढचं चाक कडेच्या चिखलात रुतलं, प्रोपेलर जमिनीला लागला. आता नुसतं पातं बदलून भागणार नाही, इंजिनही उघडून तपासावं लागणार.

म्हणजे वारा होताच, पण तो दोन सेकंद मोकळा सुटला. यात मुलगा-मुलगी कुठे आलं?

आपल्या कराडची धावपट्टी 10/28, म्हणजे जवळजवळ पूर्व-पश्चिम. कोयनेच्या कामासाठी 1950 च्या दशकात केलेली. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा तिलाही असाच तिरका कापतो. तिथला वातदर्शक कापडी मोजा ताठ आडवा झालेला मी कितीदा पाहिलाय, पण त्याचा अर्थ आता कळला: साधारण 15 नॉट, किंवा त्याहून जास्त.

तिने स्वतःसाठी 8 नॉटची मर्यादा घालून घेतली आहे. शिक्षकांबरोबर आडव्या वाऱ्यात पुन्हा सराव होईल, त्यानंतरच एकटीने. जमत नाही असं वाटलं तर जमिनीलगत येऊनही पॉवर देऊन परत वर जायचं, याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही, असं तिचे शिक्षक बजावून सांगतात. मी ताईला एकच सांगितलंय: रोज फोनवर "आज उडालीस का" असं विचारायचं नाही. त्या प्रश्नापायी पोरं नको त्या वाऱ्यात विमान काढतात.