तुम्ही विचारलंत म्हणून : ‘एरर 2’च्या वर काय असतं

रात्री साडेदहाच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. मॉनिटरचा, तिरका, पट्टे उमटलेला, कोपऱ्यात ट्यूबलाइट चमकतेय. काळ्या पडद्यावरची शेवटची तेवढी एक ओळ वाचता येते : मेक, तीन तारे, एरर 2. खाली प्रश्न, ‘‘मॅडम, हे काय आलंय?’’ मी विचारते, ‘‘त्याच्या वर काय आहे?’’ पाच मिनिटांनी दुसरा फोटो येतो. तीच ओळ, या वेळी सरळ.

मी परळच्या एका प्रयोगशाळेत सर्व्हर सांभाळते, अठरा-एकोणीस वर्षं झाली. पायथन, पर्ल, रुबी किंवा लुआ या प्रोग्रॅमिंग भाषा सोर्समधून, म्हणजे मूळ कोड आपल्याच मशीनवर कंपाइल करून, ‘मेक’ या साधनाने बिल्ड करायला घेतल्या आणि अडलं, की मुलं माझ्याकडे येतात. काम झालं की जाता जाता हमखास विचारतात, ‘‘एवढ्या ओळींमधून नेमकं कुठे अडलंय ते तुम्हाला कळतं कसं?’’ हे दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही. म्हणून आज सविस्तर.

आधी त्या ‘एरर 2’चं बघू. ती चूक नव्हेच, तो निरोप आहे. मोठ्या बिल्डमध्ये एक मेक दुसऱ्या मेकला कामाला लावतं, दुसरं कधी तिसऱ्याला. तिसरं अडलं की जाताना 2 हा आकडा हातात ठेवतं आणि वरचं मेक तो आकडा तुम्हाला वाचून दाखवतं, बस. मुलुंडला इंडिकेटरवर लोकल चौदा मिनिटं लेट दिसते, तेव्हा बिघाड मुलुंडला नसतो. तिकडे आसनगावच्या पुढे काहीतरी झालेलं असतं. आपण मात्र इंडिकेटरकडेच डोळे वटारून बघत बसतो.

तेव्हा वर जायचं. पण जाणार कसं? टर्मिनलची खिडकी वर सरकवून सरकवून माणूस दमतो. मेक जे काही बोलतं ते सगळं, साधं आउटपुट आणि एरर दोन्ही, पहिल्यापासून एका फाइलमध्ये उतरवून घ्या आणि त्या फाइलमध्ये ‘एरर’ हा शब्द वरून खाली शोधा. पहिला सापडेल तो खरा. त्याच्या खालचे बहुतेक त्याचेच गोतावळे असतात. वॉर्निंग्ज सोडून द्या. जुन्या कोडमध्ये त्या शेकड्यांनी येतात आणि त्यांच्यासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

यात एक गोम आहे. काम लवकर उरकावं म्हणून लोक मेकला ‘जे 8’ लावतात, म्हणजे आठ कामं एकदम. त्यातलं एक अडलं तरी बाकीची सात हातातलं संपवूनच थांबतात, आणि तोवर खरी चूक शंभर-दीडशे ओळी वर ढकलली जाते. अशा वेळी तेच मेक ‘जे’ न लावता पुन्हा चालवायचं. झालेलं काम ते परत करत नाही, थेट अडलेल्या जागी जातं आणि तिथेच आपटतं. चूक आपोआप पडद्याच्या तळाशी येते. ही युक्ती मला कुणी सांगितली नाही. दोन वर्षं वर सरकवून मनगट दुखल्यावर सुचली.

आता खरा त्रासदायक प्रकार सांगते. बिल्ड अडतं तेव्हा मला फारशी काळजी वाटत नाही. जे बिल्ड अजिबात न अडता पार पडतं, त्याची वाटते.

आमच्याकडे सेंटओएस 7 हे लिनक्स असलेला एक सर्व्हर होता. एका संशोधक विद्यार्थ्याला पायथन 3.10 हवा होता. त्याने कॉन्फिगर (मशीनवर काय काय आहे ते आधी तपासणारी), मेक आणि इन्स्टॉल अशा तिन्ही कमांड एका ओळीत जोडून दिल्या आणि चहाला गेला. आला तर सगळं हिरवंगार, एकही एरर नाही. मग पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या साधनाने, पहिलं पॅकेज मागवलं, तर पिप म्हणालं, एसएसएल (इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीचं) मॉड्यूलच उपलब्ध नाही. त्याला वाटलं नेटवर्कचं काहीतरी आहे. मग वाटलं प्रॉक्सी. शेवटी एसएसएलसाठी लागणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज तीन वेळा काढून तीन वेळा टाकलं. संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पॅकेज होतंच. पण सेंटओएस 7 बरोबर ओपनएसएसएल 1.0.2 येतं, आणि पायथन 3.10 ला किमान 1.1.1 लागतं. पायथनच्या लेखी एसएसएल हे ऐच्छिक मॉड्यूल आहे. ते जमलं नाही म्हणून बिल्ड थांबत नाही. मेक संपताना तो स्वच्छ शब्दांत सांगतो की ही ही मॉड्यूल्स बनली नाहीत, आणि एसएसएलसाठी 1.1.1 किंवा पुढचं हवं. पण या पठ्ठ्याने तिन्ही कमांड एकात ओवल्या होत्या. त्या सूचनेवर इन्स्टॉलच्या हजारो ओळी येऊन पडल्या आणि ती गाडली गेली.

आम्ही ओपनएसएसएलची नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड केली, कॉन्फिगरला तिचा पत्ता दिला आणि चालताना लायब्ररी कुठे शोधायची तेही सांगितलं. त्यासाठीचा रन-पाथचा ऑप्शन 3.10 मध्येच आला आहे. वीस मिनिटांचं काम. त्याआधीचा अख्खा दिवस गेला तो न वाचलेल्या दोन ओळींपायी.

‘सीटाइप्स’ मॉड्यूल नाही म्हणून रडत येणारे त्याच कुळातले. पायथन 3.7 पर्यंत येईतो त्या मॉड्यूलला लागणारी लिबएफएफआय ही लायब्ररी पायथनच्या सोर्सबरोबरच मिळायची. 3.7 पासून लिनक्सवर ती तुमची तुम्ही आणायची. रुबीनेही 3.2 पासून लिबयामल ही लायब्ररी बरोबर द्यायचं बंद केलं. आणायची म्हणजे नुसती लायब्ररी नव्हे, तिच्या हेडर फाइल्सही. नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं. प्रोग्रॅम चालवायला लागते ती लायब्ररी मशीनवर असते, पण कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइल्स वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. डेबियन-उबुंटूवर त्या पॅकेजच्या नावामागे ‘डेव्ह’ असतं, रेड हॅटच्या घराण्यात ‘डेव्हल’. ‘‘मॅडम, लायब्ररी तर आहे!’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फक्त शेपूट बघा म्हणते.

तर मेकच्याही वर कॉन्फिगर. ते शेकडो प्रश्न विचारतं आणि प्रत्येकापुढे ‘येस’ किंवा ‘नो’ लिहितं. त्या ‘नो’कडे कुणी बघत नाही, कारण पडदा भराभर पळत असतो. बघितलं तरी लोक ‘नो’चा अर्थ ‘मशीनवर नाही’ असा घेतात. तसं असेलच असं नाही. कॉन्फिगर चार ओळींचा छोटा सी प्रोग्रॅम लिहून कंपाइल करून बघतं. कंपाइल झाला तर ‘येस’. नाही झाला तर ‘नो’, मग कारण काहीही असो.

2024 मध्ये जीसीसी या कंपायलरची 14 वी आवृत्ती आली आणि आधी न सांगता वापरलेलं फंक्शन ही वॉर्निंग न राहता एरर झाली. खरं तर सी भाषेच्या 1999 च्या प्रमाणातच ही सवलत काढून टाकली होती; कंपायलर पंचवीस वर्षं डोळेझाक करत होते. आता जुन्या कॉन्फिगरमधले ते चार ओळींचे प्रोग्रॅमच अशा ढिल्या सी मध्ये लिहिलेले आहेत. नव्या कंपायलरपुढे ते पडतात आणि कॉन्फिगर बिनधास्त लिहून टाकतं की तुमच्या मशीनवर ही सोय नाही. सोय असते, पडलेला असतो तो प्रश्न. हे कळायला एकच जागा आहे, कॉन्फिग डॉट लॉग नावाची फाइल. त्यात तो छोटा प्रोग्रॅम आणि कंपायलरने त्यावर काय ऐकवलं ते दोन्ही जसंच्या तसं असतं. कुरूप आणि लांबलचक फाइल आहे, पण मला ती कादंबरीसारखी वाटते. घरच्यांना हे सांगून उपयोग नाही.

जुना पर्ल ही आणखी वेगळी करमणूक. पर्लचं कॉन्फिगर आतापर्यंत सांगितलेल्या कॉन्फिगरच्या घराण्यातलं नव्हे. लॅरी वॉल यांनी 1987 मध्ये पर्ल बाहेर काढला आणि त्याचं कॉन्फिगर आजही माणसाशी गप्पा मारतं, प्रश्न विचारतं, तुम्ही युनिस नावाच्या कुठल्याशा विस्मृतीत गेलेल्या प्रणालीवर नाही म्हणून तुमचं अभिनंदनही करतं. आमच्या एका विभागाला जुन्या स्क्रिप्टसाठी पर्ल 5.8.8 च हवा होता, 2006 चा, तोही नव्या मशीनवर. मेक म्हणालं, टोकदार कंसातली ‘कमांड-लाइन’ नावाची फाइल बनवायचा नियम माझ्याकडे नाही, आणि मिनीपर्लसाठी ती लागते.

अशी फाइल जगात कुठेच नसते. झालं असं होतं : कुठली फाइल कशावर अवलंबून आहे हे ठरवायला पर्लची एक स्क्रिप्ट कंपायलरचं आउटपुट वाचते आणि त्यातली नावं टिपून घेते. जीसीसी पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्या आउटपुटात ‘हे कमांड-लाइनवरून आलं’ अशी टीप घालू लागलं. स्क्रिप्टने ती टीपही फाइलचं नाव म्हणून टिपून घेतली. पाहुण्यांच्या यादीत ‘कृपया आहेर आणू नये’ असं कुणाचं तरी नाव चढावं, तसं. मेकफाइलमधून तेवढ्या ओळी पुसल्या आणि गाडी सुटली. मिनीपर्ल म्हणजे आधी बनणारा छोटा पर्ल; उरलेला पर्ल बिल्ड करायला तोच राबतो. रुबीतही मिनीरुबी असते. हे धाकटं पोरच उभं राहिलं नसेल तर खालच्या मॉड्यूल्सच्या एरर वाचूच नयेत.

जुलैतली एक गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, वाय-फाय गेलेलं, आणि एक मुलगा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर लुआ बिल्ड करत होता. त्याची तक्रार विचित्र होती. ‘‘मॅडम, होतंय सगळं. पण मेक परत मारलं की पहिल्यापासून सुरू होतं.’’ वर एक वॉर्निंग होती, घड्याळात तफावत असल्याची. वॉर्निंग्ज सोडून द्या म्हणणारी मी, त्या एका वॉर्निंगला मात्र लगेच थांबते.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं, तेव्हापासून त्याचा सगळा शहाणपणा एकाच तुलनेवर उभा आहे : सोर्स फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा नवी असेल तर पुन्हा बनव. जुन्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट मिळालं की तो वेळ लावून घेतो. इंटरनेट नव्हतं, त्यामुळे त्याच्या हिशेबाने अजून मार्च चालू होता. सोर्स लॅपटॉपवरून आणलेला, जुलैचा. मार्चमध्ये बनलेली फाइल जुलैच्या सोर्सपेक्षा जुनीच ठरणार, कितीही वेळा बनवा. तारीख हाताने लावली, आधीचं सगळं पुसलं, एकदा मेक मारलं. संपलं.

माझं स्वतःचं पाप सांगितल्याशिवाय हे पूर्ण व्हायचं नाही. नोकरीतलं दुसरं वर्ष. सर्व्हरवर सेंटओएस 5, त्यात पायथन 2.4. मला 2.5 हवा होता. सगळं कसं नीटनेटकं एका जागी असावं म्हणून मी तो सिस्टमच्याच फोल्डरमध्ये इन्स्टॉल केला, साध्या ‘मेक इन्स्टॉल’ने. पायथन छान चालला. मग यम, म्हणजे सिस्टमवर पॅकेजेस टाकायचं साधन, उघडलं, तर ते म्हणे यम नावाचं मॉड्यूल सापडत नाही. यम स्वतः पायथनमध्ये लिहिलेलं. त्याच्या पायाखालचा पायथनच मी बदलला होता. पॅकेज टाकायचं साधनच मेलेलं, मग दुरुस्तीची पॅकेजेस आणायची कशी? शेवटची लोकल गेली. सर्व्हर रूमच्या एसीत ओढणी डोक्यावरून घेऊन बसले. पहाटे लक्षात आलं की 2.4 अजून तिथेच आहे, फक्त ‘पायथन’ हे नाव दुसऱ्याने बळकावलंय. यमच्या पहिल्या ओळीत 2.4 असं स्पष्ट लिहिलं आणि ते जिवंत झालं. तेव्हापासून माझ्या हातून ‘ऑल्टइन्स्टॉल’शिवाय (त्यात ‘पायथन’ या नावाला हात लागत नाही) पायथन इन्स्टॉल झालेला नाही, आणि तोही सिस्टमच्या फोल्डरबाहेर.

बाकी किरकोळ. कंपायलर नुसतं ‘किल्ड’ म्हणून गेला तर कोडमध्ये काही शोधू नका, बहुतेक मेमरी संपलेली असते. स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा, ‘जे’चा आकडा कमी करा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. कॉन्फिगरचे ऑप्शन बदललेत तर ‘मेक डिस्टक्लीन’ने आधीचं बनलेलं सगळं पुसून नव्याने सुरू करा. आणि कुठेतरी वाचून जुन्या एसएसएलच्या नावाने नव्याला लिंक मारू नका. बिल्ड होतं, मग तीन महिन्यांनी भलतीकडेच कोसळतं, तेव्हा तुम्ही नोकरी बदललेली असते आणि निस्तरायला मी असते.

तर पुढच्या वेळी अडलात की मला हे पाठवा : कुठलं लिनक्स, कंपायलरची आवृत्ती, कॉन्फिगरला दिलेले ऑप्शन, मेकची अख्खी लॉग फाइल आणि कॉन्फिग डॉट लॉग. फोटो नको, फाइल. रविवारी मेगाब्लॉक असेल त्या दिवशी पाठवलीत तर उत्तर लवकर मिळेल. त्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही.