किल्ली कुणाच्या घरी

पंचनाम्याला आम्ही सव्वाअकराला पोचलो आणि दार उघडायला दीड वाजला. समाजमंदिर महापालिकेच्या मालकीचं, दारात उभी मी महापालिकेच्याच मालमत्ता विभागाची अधीक्षक, आणि किल्ली मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी. अध्यक्ष लग्नाला गावी गेलेले. दुसरी किल्ली त्यांच्या भावाकडे, तो कारखान्यात, पहिल्या पाळीला.

माझ्या पिशवीत नव्या धोरणाचा मसुदा होता. लेखापरीक्षणात आक्षेप आला होता की समाजमंदिरं, व्यायामशाळा, वाचनालयांच्या खोल्या वर्षाला 101 रुपये अशा नाममात्र भाड्याने दिल्या आहेत, बहुतेकांचे करार कधीच संपलेत आणि तरी संस्था आतच आहेत. आक्षेप खरा होता. या समाजमंदिराचीच नस्ती, म्हणजे फाइल, घ्या. पाच वर्षांचा करार, मुदत संपताना मंडळाने नूतनीकरणाचा अर्ज दिलेला, त्यावर 'कार्यवाहीस्तव सादर' एवढाच शेरा आणि पुढे कोरी पानं. मी एका पानात उपाय लिहिला होता: सगळ्यांना रेडीरेकनरवरून, म्हणजे जमीन-इमारतींच्या सरकारी दरपत्रकावरून, निघेल ते मासिक भाडं, भरेल तो राहील, न भरेल त्याने जागा रिकामी करावी. सगळ्यांना एकच नियम, म्हणजे न्याय झाला, असं मला त्या सकाळपर्यंत मनापासून वाटत होतं.

ओट्यावर बचत गटाच्या दहा जणी सतरंजी टाकून बसल्या होत्या. महिन्याची पाच तारीख, त्यांच्या बैठकीचा दिवस. मध्ये पत्र्याची पेटी, हप्त्यांची वही, वहीवर दगड. एकीने सरकून मला जागा केली.

"बसा मॅडम, उन्हात किती वेळ उभ्या राहणार?"

"तुम्ही आत का नाही बसत?"

"आत कोण बसू देणार? पाऊस आला की समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली जातो."

त्यांना मी कशासाठी आले ते सांगितलं. मसुदाही थोडक्यात सांगितला. वही लिहिणाऱ्या ताईंनी मान वर करून विचारलं, "आम्हाला महिन्यातून दोन तास लागतात. दोन तासांचं किती पडेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मसुद्यात महिना होता, वर्ष होतं, तास कुठेच नव्हता. शिवाय अर्ज करायचा तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडावे लागणार होते. जुन्या अर्जात होतं म्हणून मी ते जसंच्या तसं उचललं होतं. या दहा जणींचा हिशेब वहीत पै-पैशाने चोख, पण नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतं. एका पानात मी त्यांना बाहेर काढलं होतं, त्या कधी आत गेल्याच नव्हत्या तरी.

दीडला भाऊ आला, कुलूप उघडलं. सभागृहात मंडपाचे पाइप, कनाती, खुर्च्यांच्या उतरंडी. कपाटात पावतीपुस्तक सापडलं. बारसं, हळद, वाढदिवस, प्रत्येकाचं दिवसाचं भाडं घेतलेलं. करारात पोटभाड्याला स्पष्ट मनाई होती. पंचनाम्यात मी ते लिहीत असतानाच मंडळाचे सचिव आले. माझ्याशी वाद न घालता ते मला बाहेर घेऊन गेले आणि छताकडे बोट दाखवलं. "हा पत्रा आम्ही घातला मॅडम, त्याच पावत्यांच्या पैशातून. गळतंय म्हणून दोनदा अर्ज दिला होता." दोन्ही अर्ज नस्तीत होते, मी सकाळीच पाहिले होते, दोन्हींना उत्तर दिलेलं नव्हतं. त्यांची चूक लिहून घ्यायला मी गेले होते. आमची कुठे लिहायची, याला पंचनाम्यात जागा नसते.

मग मागची खोली. तिचं दार वेगळं, तिथे कुलूपसुद्धा नव्हतं, नुसती कडी. आत व्यायामशाळा. शेणाने सारवावी तशी काळजीने पुसलेली फरशी, मुद्गल भिंतीशी ओळीने, डंबेल्सना तेलाचा हात दिलेला. गिरणीतून निवृत्त झालेले एक काका रोज पहाटे पाचला येतात आणि वस्तीतल्या मुलांकडून पोलीस भरतीची तयारी करून घेतात. 1600 मीटरची धाव, 100 मीटर, गोळाफेक. कुणाकडून एक रुपया घेत नाहीत. तेही याच मंडळाचे सभासद. पुढच्या दारात करार मोडलेला आणि मागच्या दारात तो अक्षरशः पाळलेला, आणि कागदावर दोन्हींचं नाव एकच. काका म्हणाले, "मंडळाचं काय करायचं ते करा. मला पाच ते सात एवढं उघडू द्या."

संध्याकाळी विधी अधिकाऱ्यांकडे बसले. महापालिका अधिनियमाच्या कलम 79 ची अट त्यांनी समोर ठेवली: मालमत्ता देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. मी विचारलं, मालमत्ता देण्याची गरजच काय? भाडेपट्टा झाला की जागेत हक्क निर्माण होतो, कब्जा जातो, तो परत मिळवायला वर्षं लागतात. परवानगीत तसं नाही. ईझमेंट कायद्याचं कलम 52 हेच सांगतं: जागा वापरायची मुभा, जागेत हितसंबंध नाही. कब्जा आपला, किल्ली आपली, लोकांना द्यायचे ते तास. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग दर ताशी काढा.

तिथेच कागदावर मांडून पाहिलं. एखाद्या सभागृहाचं बाजारभावाचं भाडं महिना 30,000 धरलं आणि ते रोज 10 तास उघडं ठेवलं, तर महिन्याचे 300 तास, तासाला 100 रुपये. बचत गटाचे दोन तास 200 रुपये, दहा जणींत वीस-वीस. बाजारभाव कुठे सोडलेला नाही आणि ताईंना उत्तरही मिळालं. हळदीला, बारशाला दर जास्त, तो जमा होणार महापालिकेत, आणि त्यातला ठरलेला वाटा त्याच इमारतीच्या दुरुस्तीला राखून.

काकांचा हिशेब मात्र बसेना. रोज दोन तास म्हणजे महिन्याला 60, म्हणजे 6,000 रुपये. ते कोण भरणार? भरतीची मुलं? यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. सवलत द्यायची तर मंडळाला 101 रुपयांत दिलं त्यात आणि यात फरक काय, हा विधी अधिकाऱ्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझं म्हणणं एवढंच होतं की सवलत लपवू नये. कुणाला, किती तासांची, कशाच्या बदल्यात, किती महिने, हे ठरावात लिहावं, दारावरच्या फलकावर लावावं, आणि दरवर्षी तो ठराव नव्याने मांडावा. जुन्या करारांत नडलं ते हेच. सवलत कुणी, का दिली ते वीस वर्षांनी कुणालाच सांगता येत नव्हतं.

तास देण्याआधी जाहिरात द्यायची, हा मुद्दा मी त्याच रात्री मसुद्यात घातला. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये अखिल भारतीय उपभोक्ता काँग्रेस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितलंय की संस्थेचा अर्ज आला म्हणून सार्वजनिक जमीन जाहिरातीशिवाय देऊन टाकणं समानतेत बसत नाही. मुंबईतल्या मोकळ्या जागा संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरणही जानेवारी 2016 मध्ये मंजूर झालं, पण टीका झाल्यावर राज्य सरकारने स्थगिती दिली. लोकांना भीती वाटते ती भाड्याची नसते, दार बंद होण्याची असते. म्हणून एका संस्थेला एकूण तासांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, संध्याकाळी सहा ते नऊची मागणी जास्त असेल तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकायच्या, आणि महिन्याला दहा तासांपर्यंत नोंदणीची अट नाही, दोन रहिवाशांची ओळखपत्रं आणि जबाबदार व्यक्तीची सही पुरे. छपराचा खर्च केलेल्या मंडळाला तो हिशेब तपासून तासांत वळता करून द्यायचा. हे कलम सगळ्यांना खटकलं. मी ते काढलं नाही.

धोरण प्रशासकांकडून मंजूर होऊन आलं, थोडी काटछाट होऊन. मंडळाने सामान हलवलं, तक्रारही केली, आणि आता तेही रांगेत उभे राहून तास घेतात. किल्ली क्षेत्रीय कार्यालयात असते. पावती क्रमांक 1 बचत गटाच्या नावाची आहे, 200 रुपये. त्या पाच तारखेला मी गेले तेव्हा दहाही जणी आत पंख्याखाली होत्या. वहीवर दगड मात्र होताच, पंख्याच्या वाऱ्यामुळे.

व्यायामशाळेच्या सवलतीचा ठराव अजून मंजूर नाही. तोवर माझ्या सहीने महिन्या-महिन्याची तात्पुरती परवानगी देते. काका पाचला कडी काढतात. पुढची सही 30 तारखेला करायची आहे.