राहून गेलं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी अनुवाद करते, त्यामुळे ‘प्रोक्रॅस्टिनेशनला मराठीत काय म्हणायचं?’ असं वरचेवर विचारलं जातं. ‘चालढकल’ म्हणून मोकळं होता येतं. पण त्या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळात ‘उद्या’ दडलाय. आपल्याकडे काम कधीवर ढकललं यापेक्षा कुणी ढकललं, कुणाचं ढकललं, याचीच चौकशी जास्त.

चालढकल बहुतेक आपल्याच कामाची. टाळाटाळीला मात्र समोर मागणारा कुणीतरी लागतो. शिवाय एकदा टाळलं तर ती टाळाटाळ नव्हे. शब्दच दोनदा येतो, तशी खोडही पुन्हापुन्हा दिसावी लागते. टोलवाटोलवीला निदान दोन टेबलं हवीत. दिरंगाई फारसी ‘दिरंग’वरून आली आणि कचेरीतच रमली; ‘भांडी घासण्यात दिरंगाई झाली’ असं घरात कुणी म्हणालंच, तर थट्टेनं. सभा तहकूब होते. स्थगिती द्यायला अधिकार लागतो. घोंगडं भिजत पडतं ते न घेतलेल्या निर्णयाचं: लोकरीचं ते, पाणी पिऊन असं जड होतं की पुढे त्याला हात लावायलाही कुणी धजत नाही.

हे सगळे शब्द मी दुसऱ्यांसाठी वापरते, हे कळायला मला फार वेळ लागला. स्वतःवर आलं की माझं व्याकरणच बदलतं. ‘उत्तर द्यायचं राहून गेलं.’ या वाक्यात मी कुठेच नाही. जे काही केलं ते उत्तरानं, आपणहून. नुसत्या ‘राहिलं’नं भागलं असतं, पण ‘गेलं’ जोडलं की हळहळही फुकटात मिळते. ‘बघू’चंही तेच. ‘बघते’ म्हटलं की मी एकटी सापडते. ‘बघू’ अनेकवचनी, त्यात कुणाला धरणार?

आणि ‘परवा’! उद्यानंतरचा दिवसही परवा, कालच्या आधीचाही परवाच. हा शब्द आळशांनीच घडवला असावा, असा माझा संशय आहे. एका संपादकांना मी मजकूर ‘परवा देते’ म्हणाले होते. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

“परवा म्हणालात ना, परवा देते?”

“हो हो, तयार आहे. पाठवायचं राहून गेलं.”

तयार नव्हता.